कटक ते मानसरोवर

प्रवासवर्णनाच्या रूढ वर्गवारीत तीर्थयात्रा, ऑफिसची सहल, एलटीसी वाया जाऊ नये म्हणून केलेली भटकंती आणि मुलाच्या परदेशातील घरी काढलेला सहा महिन्यांचा मुक्काम या सर्वांना जागा आहे. दत्तक-प्रवास मात्र त्यात कोठेच बसत नाही, कारण तो नेमका कोणाचा प्रवास याविषयी प्रवाशांचाच घोटाळा असतो. व्याख्या करायची झाल्यास, ज्या प्रवासात जाताना दोन माणसे जातात, येताना तीन येतात आणि तिकिटे मात्र दोन्ही वेळा दोनच लागतात, तो दत्तक-प्रवास होय. ही व्याख्या रेल्वेच्या नियमांशी सुसंगत आहे, कारण पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. परिणामी ज्या व्यक्तीच्या तंत्राने सगळा प्रवास चालायचा, ती आरक्षणाच्या तक्त्यात अस्तित्वातच नसते.

या प्रकाराचा अभिजात नमुना चीनमध्ये घडला. चीनचा दत्तकविषयक कायदा १९९२ मध्ये अमलात आला, आणि तेव्हापासून सप्टेंबर २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ बंद केल्याचे त्या सरकारने सांगेपर्यंत दीड लाखांहून अधिक चिनी मुले परक्या देशांतल्या घरी गेली. एका अपत्याच्या धोरणाच्या त्या काळात त्यांत मुलीच फार होत्या आणि निम्म्याहून अधिक मुले एकट्या अमेरिकेत पोहोचली. अमेरिकी जोडप्यांना बाळाच्या व्हिसासाठी ग्वांगझौ शहरात यावेच लागे, आणि तेथील शामियान बेटावरचे ‘व्हाइट स्वान’ हे हॉटेल त्यामुळे नवपालकांची जणू धर्मशाळाच होऊन बसले. तेथे उतरणाऱ्या नवपालकांना एका अमेरिकी खेळणी-कंपनीने खास काढलेली बाहुली भेट मिळे: सोनेरी केसांची बार्बी आणि तिच्या कडेवर काळ्या केसांचे चिनी बाळ. हॉटेलातल्या लाल सोफ्यावर बाळांना ओळीने बसवून फोटो काढण्याचाही प्रघात पडला होता. आठवड्यापूर्वी ज्यांनी सोनेरी केसांचे माणूस पाहिलेही नव्हते अशी आठ-दहा बाळे एका सोफ्यावर बसवली, तर त्यांतली किती हसतील याचा अंदाज कोणाही मराठी आजीला करता येईल.

भारतीय जोडपे या कामासाठी चीनला जात नाही. तरीही कामोठ्याच्या रहिवाशाला चीन वाटतो तितका लांब नाही, कारण सिडकोने वसवलेल्या आणि २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत असलेल्या या वस्तीच्या रेल्वे स्थानकाचे नाव मानसरोवर असे आहे. खरे मानसरोवर तिबेटात, म्हणजे आजच्या चीनच्या हद्दीत, समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरांहून उंचावर असून तेथे जाण्यासाठी पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी आणि पूर्वजन्मीचे पुण्य लागते. कामोठ्याचे मानसरोवर खारघर आणि खांदेश्वर यांच्यामध्ये, खाडीच्या भरतीपेक्षा जरासे उंच असून त्यासाठी हार्बरचा मासिक पास पुरतो. दत्तक-प्रवासाला निघणाऱ्या जोडप्याला मात्र पास पुरत नाही. पुण्याची आणि वैद्यकीय तपासणीची अट त्यालाही लागू असते.

येथे अभ्यासासाठी घेतलेले जोडपे हे अशा अनेक जोडप्यांचा अर्क आहे. नवरा लेखा विभागात, बायको एका शाळेच्या कार्यालयात, घर वन बीएचके, आणि मूळचे पाटण तालुक्यातले असल्याने सासूबाई वर्षातले चार महिने भातलावणीला गावी व आठ महिने कामोठ्याला. दत्तक द्यायच्या मुलांची व ते घेऊ इच्छिणाऱ्यांची नोंद ठेवणारे केंद्र सरकारचे प्राधिकरण ‘कारा’ या नावाने ओळखले जाते आणि त्याच्या ‘केअरिंग्ज’ या संकेतस्थळावर नाव नोंदवावे लागते. दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असल्यास नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर जाता कामा नये, असा २०२२ च्या नियमावलीचा दंडक आहे. या जोडप्याची बेरीज नोंदणीच्या दिवशी ८४ भरली. दहावीनंतर प्रथमच दोघांना काठावर पास होण्याचा आनंद मिळाला आणि या परीक्षेत गुण कमी असणेच हिताचे, हे सासूबाईंना समजावण्यात एक रविवार गेला. मग समाजकार्यकर्तीने घरी येऊन ‘गृह अध्ययन अहवाल’ तयार केला. घर, उत्पन्न, स्वभाव, शेजार आणि मनाची तयारी यांची पाहणी म्हणजे हा अहवाल. मुलीच्या स्थळाची चौकशी आणि बँकेच्या कर्जाची चौकशी एकाच बैठकीत उरकल्यास जे होईल, ते येथे होते. त्यानंतरची तीन-साडेतीन वर्षे केवळ वाट पाहण्यात जातात आणि त्यांत वर्णन करण्यासारखे काही नसते.

वर्णन करण्यासारखी असते ती त्या वाटेची शेवटची चार मिनिटे. संकेतस्थळावर बाळाचा फोटो, ‘बाल अभ्यास अहवाल’ आणि वैद्यकीय अहवाल आल्यापासून ४८ तासांत ते बाळ राखून ठेवायचे असते. फोटो उघडला तेव्हा नवरा पनवेल लोकलमध्ये वाशीच्या खाडीपुलावर दारात उभा होता. त्याने तो बायकोला धाडला, तिने ‘हो’ असे उत्तर पाठवले, आणि गाडी सानपाड्याला पोहोचेपर्यंत सरकारने दिलेल्या ४८ तासांपैकी ४७ तास ५६ मिनिटे शिल्लक राहिली होती. ती त्यांनी बाळ कटकला आहे म्हणजे नेमके कोठे आहे, हे नातेवाइकांना सांगण्यात खर्च केली. (रजेचा हिशेब निराळाच. २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक आईला बारा आठवड्यांची रजा दिली खरी, पण अट घातली ती बाळ तीन महिन्यांहून लहान असण्याची; आणि चौकशा पुऱ्या होऊन बाळ दत्तकासाठी कायद्याने मोकळे ठरेपर्यंत ते बहुधा ही मर्यादा ओलांडून रांगण्याच्या बेतात आलेले असते.)

कटक हे गाव मराठी माणसाने न पाहताच पाठ केलेले आहे. ‘अटक ते कटक’ हा शब्दप्रयोग त्याच्या तोंडी इतका बसला आहे की, महानदी आणि काठजोडी या नद्यांच्या बेचक्यात वसलेले हे शहर चांदीच्या तारकामासाठी आणि दहीबरा-आलूदमसाठीही ओळखले जाते, याकडे त्याचे लक्ष जात नाही. १७५१ मध्ये अलिवर्दीखानाशी तह होऊन ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८०३ पर्यंत राहिला. तहापूर्वीच्या दहा वर्षांत मराठी फौजांनी बंगालपर्यंत ज्या स्वाऱ्या केल्या त्यांची आठवण तिकडे इतकी टिकली की, बाळ झोपले तोच ‘बर्गी’ देशात आले, अशा अर्थाचे अंगाईगीत बंगाली आया आजही म्हणतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा मराठी शिपाई. मुलखात घोडे घालून चौथाई वसूल करणाऱ्यांचे हे कामोठेवासी वंशज पावणेतीनशे वर्षांनी त्याच मुलखात शिरले, ते मात्र प्रत्येक कागदाच्या तीन-तीन साक्षांकित प्रती घेऊन, आणि संस्थेच्या पायरीवर चपला कोठे काढायच्या हे दोनदा विचारून. बाळाच्या बाजूने पाहिले तर फरक फारसा नव्हता. बर्गी आले होते.

बाळ नऊ महिन्यांचे होते आणि मुलगी होती. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९६९ पासून ग्रंथरूपाने मांडलेल्या अनुबंधाच्या सिद्धान्तानुसार, तान्हे मूल आपल्याला सांभाळणाऱ्या एखाद-दुसऱ्या माणसाला घट्ट धरून असते आणि तो माणूस आसपास आहे या भरवशावरच बाकीचे जग पाहायला धजते. साधारण आठव्या-नवव्या महिन्यात हे धरणे पक्के होते आणि त्याच सुमारास अनोळखी माणसाला पाहून भोकाड पसरण्याची कलाही साध्य होते. म्हणजे शासनाच्या सोयीने ज्या वयात बाळ सुपुर्द होते, ते वय निसर्गाने नेमके त्याविरुद्ध तक्रार नोंदवण्यासाठी राखून ठेवलेले आहे. या बाळाने तक्रार रीतसर नोंदवली. सांभाळणाऱ्या माउसीच्या (ओडिया माउसी म्हणजे आपली मावशीच) खांद्यावरून ते आईच्या हाती आले तेव्हा प्रथम त्याने मंगळसूत्राची वाटी तपासली, मग चष्मा काढून घेतला, आणि चष्म्याशिवायचा चेहराही ओळखीचा नाही अशी खात्री पटल्यावर टाहो फोडला.

माउसीने दिनक्रम सांगितला, तो ओडियात आणि हातवाऱ्यांनी. दर तीन तासांनी ‘खिर’ द्यायची, असे ती म्हणाली. धड दात यायच्या आत बाळाला दर तीन तासांनी खीर, आणि तीही रात्रीसुद्धा, हे ऐकून आईने वहीत ‘शेवयांची की रव्याची?’ असे प्रश्नचिन्हासह लिहून घेतले. ओडियात खिर म्हणजे साधे दूध, हा उलगडा डबा दाखवल्यावर झाला. शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची असावी, कारण ती माउसीने तीनदा दिली: तर्जनी वर करून तिने हवेत गोल गोल फिरवले आणि मग बाळाच्या डोळ्यांकडे बोट दाखवले. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिले. दोघांच्याही मते अर्थ उघड होता. बाळाची दृष्ट काढत जा, असे ती सांगत होती. सासूबाईंना फोनवर हे कळताच ओडिशाविषयीचे त्यांचे मत एकदम सुधारले. ‘शहाणी बाई आहे,’ त्या म्हणाल्या, ‘मीठ-मोहरी गाडीत मिळंल का?’

कागदोपत्री अजून बाळ त्यांचे झालेले नव्हते. दत्तकाचा अंतिम आदेश पूर्वी न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून ते काम जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आले आहे, आणि तो आदेश होईपर्यंत बाळ ‘दत्तकपूर्व संगोपना’त, म्हणजे कायद्याच्या भाषेत पालकांच्या सांभाळात, असते. जुन्या मराठीत या सर्वांस ‘मांडीवर घेणे’ एवढे दोनच शब्द पुरत. कोणार्क एक्स्प्रेसने भुवनेश्वर ते कल्याण हे अंतर सुमारे १,९०० किलोमीटर आहे आणि बाळ ज्या मांडीवर बसेल त्या मांडीवरून हलायचे नाही असे ठरल्यामुळे, हा शब्दप्रयोग ज्याने प्रथम केला त्याला दत्तकविधीचे नसले तरी रेल्वेचे अंतर्ज्ञान असावे, असे नवऱ्याला खुर्दा रोडच्या आतच वाटू लागले. २०२२ मध्ये रेल्वेने लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडलेला बाळ-बर्थ बसवून पाहिला होता. कोणार्कच्या वाट्याला तो आलेला नाही.

चिलिका सरोवर संध्याकाळच्या उजेडात खिडकीशेजारून मैलच्या मैल चालले होते आणि आशियातील पाणपक्ष्यांच्या मोठ्या हिवाळी मुक्कामांपैकी एक काचेपलीकडे होता, पण त्याच्या वर्णनास हा वृत्तान्त असमर्थ आहे, कारण त्या वेळी दोन्ही निरीक्षक दूध कालवीत होते. तीस मिलिलिटर कोमट पाण्याला पावडरचा एक सपाट चमचा, हे प्रमाण डब्यावर छापलेले असते. चमचा सपाट करायचा तो डब्याच्या काठाला घासून, आणि गाडी रूळ बदलीत असेल तर तो सपाट न होता रिकामा होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या पावत्या तपासणाऱ्या माणसाने सहापर्यंत मोजण्यात चार वेळा चूक केली. ‘अरे, पाचवा झाला की चौथा?’ असे बायकोने विचारले. सासूबाईंचा फोन चालू असल्याचे लक्षात येताच तेच वाक्य ‘अहो, पाचवा झाला की चौथा?’ असे दुरुस्त करून पुन्हा म्हटले. उत्तर दोन्ही वेळा मिळाले नाही.

दूध पिऊनही बाळ रडत राहिले. रडण्याची तऱ्हा चमत्कारिक होती: ते आईकडे पाही ना बापाकडे, मान मागे टाकून छताकडे पाही, तेथे काही शोधी, आणि न सापडल्यावर नव्याने सुरुवात करी. गाडीने विशाखापट्टणमला इंजिन बदलून दिशा पालटली, तेव्हा बापाची सहनशक्तीही पालटली आणि उकडत असेल म्हणून त्याने हाताशी आलेली फाइल, म्हणजे गृह अध्ययन अहवाल, विवाह नोंदणीचा दाखला, तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे आणि दोन परिचितांची शिफारसपत्रे असलेली ती जाड निळी फाइल, बाळाच्या डोक्यावर धरून वारा घालायला गोल गोल फिरवली. बाळ थांबले. डोळे फाइलबरोबर फिरू लागले. आणि माउसीच्या तर्जनीचा खरा अर्थ तेव्हा दोघांच्या ध्यानात आला: पाळण्यात पडल्या पडल्या नऊ महिने जे दिवसरात्र दिसत होते, जे कधी रजेवर गेले नाही आणि ज्याची पाळी बदलली नाही, ते म्हणजे छताचा पंखा. वातानुकूलित डब्याच्या छताला पंखा नव्हता. बोल्बीने अनुबंधाविषयी पुष्कळ लिहिले. आया बदलत गेल्या तरी पंखा तोच राहतो, ही गोष्ट त्याला भारतीय बालगृहात बसल्यावाचून सुचण्यासारखी नव्हती.

पुढची रात्र फाइल फिरवण्यात गेली. एक हात दुखला की दुसरा, बापाचा थकला की आईचा, अशी पाळी लागली आणि राजमहेंद्रीला गोदावरीचा पूल आला तेव्हा आईची पाळी होती. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली नदी इतक्या लांब येऊन इतकी रुंद झालेली पाहण्याची, आणि ‘बघ, ही आपल्याकडची’ असे बाळाला सांगण्याची, तिची इच्छा होती. पण बाहेर अंधार होता आणि फाइल थांबवण्याची परवानगी नव्हती, म्हणून तिने दुसऱ्या हाताने नदीच्या दिशेने नमस्कार केला. सिकंदराबादपर्यंत अहवालाची पाने सुटी झाली. आपण ‘शांत, समंजस व भावनिकदृष्ट्या स्थिर’ असल्याचा उल्लेख असलेले पान बर्थखाली सापडले, तेव्हा नवरा-बायको चमच्यांच्या संख्येवरून एकमेकांशी बोलत नव्हती.

सोलापूरला समोरच्या बर्थवर एक प्रौढ बाई आल्या आणि चादर अंथरण्याआधीच त्यांनी निकाल दिला: ‘पोरगी अगदी बापावर गेलीया. कपाळ बघा की.’ मूल कोणावर गेले हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवणे, हे मराठी सामाजिक कर्तव्य आहे. त्यात वेळ लावणाऱ्याच्या मनात काही तरी आहे असा संशय येतो. बापाने स्वतःच्या कपाळावरून हात फिरवला. हे सांगावे की न सांगावे, याचा विचार दोघांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी उमटला आणि एकाच वेळी विरला. ‘नाक मात्र आत्याचं असणार,’ बाईंनी पुरवणी जोडली. ‘आणि वरचं दूध का गं? अंगावर नाही पाजत?’ आईने क्षणभर विचार केला आणि सांगितले, ‘गाडी फार हलते हो, मावशी.’ उत्तर बाईंना पूर्णपणे पटले. फाइल का फिरवताय, एवढे मात्र त्यांनी विचारले नाही. थोडा वेळ नुसते पाहिले, ‘द्या इकडं, तुमचा हात भरला असंल,’ असे म्हणून त्यांनी ती घेतली आणि दौंडपर्यंत फिरवली. दौंडनंतर त्यांच्या नवऱ्याने.

घाट उतरून कर्जत आले ते उत्तररात्री. या गावाजवळचे वेणगाव हे नानासाहेब पेशव्यांचे जन्मगाव. तेथून उत्तरेत ब्रह्मावर्ताला गेलेल्या कुटुंबातील हे मूल १८२७ मध्ये, तीन वर्षांचे असताना, दुसऱ्या बाजीरावाने मांडीवर घेतले. बडोद्याच्या गादीसाठी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून नेलेला गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव, १८७५ मध्ये बारा वर्षांचा होता. त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, कारण तो राजा झाला. ही मुले रस्ताभर कशाकडे टक लावून होती, हे मात्र कोणत्याही बखरीत नाही. दत्तकांच्या इतिहासात वारसा कोणाचा, खलिता कोणी धाडला आणि डलहौसीने काय नामंजूर केले याची नोंद सापडते. मुलाला दूध कोणते मानवले याची सापडत नाही.

कल्याणला गाडी सोडून जोडप्याने टॅक्सी केली. पहाटेचा शिळफाटा मोकळा होता, आणि ही घटना प्रवासातील सर्वांत अविश्वसनीय मानली गेली. तळोजे, कळंबोली असे करीत टॅक्सी कामोठ्यात शिरली तेव्हा मानसरोवर स्थानकाची पाटी दिसली; पहिल्या लोकलची माणसे डबे घेऊन त्या बाजूला चालली होती, आणि बाळ, ज्याच्या दृष्टीने हा परदेशातला तिसरा दिवस होता, त्यांच्याकडे लाल सोफ्यावरच्या बाळाच्या नजरेने पाहत होते. ना वास ओळखीचा, ना बोली. हवेत खाडीचा खारटपणा, आणि समोरची दोन मोठी माणसे न झोपल्यामुळे कटकला दिसली होती त्याहून वेगळी दिसत होती.

सासूबाई उंबऱ्याच्या आत ताट घेऊन उभ्या होत्या. दोन दिवस त्यांना एकच भीती होती, आणि ती त्यांनी फक्त खालच्या मजल्यावरच्या बाईंना सांगितली होती: पोरगी आपल्याकडे पाहून रडली तर? सुनेने ‘नवीन माणूस दिसलं की रडते, मनावर घेऊ नका’ असे फोनवर बजावले होते आणि तेव्हापासून त्यांनी ते मनावरच घेतले होते. त्यांनी प्रथम भाकरतुकडा ओवाळून बाहेर टाकला, मग पायांवर पाणी घातले, आणि निरांजनाचे ताट उचलून बाळासमोर ओवाळायला सुरुवात केली, गोल, सावकाश, डावीकडून उजवीकडे.

बाळाने मान मागे टाकली. डोळे ताटाबरोबर फिरू लागले. दोन दिवसांत प्रथमच ते हसले, तोंड पूर्ण उघडून, खालच्या हिरडीवरचा एकुलता एक दात दाखवीत.

‘बघितलंस?’ सासूबाई सुनेला म्हणाल्या. ताट थांबले नाही. ‘मला वळाखलं पोरीनं.’

सुनेने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याच्या काखेत ती निळी फाइल होती, रबरबँड तुटलेली. त्याने ती हळूच पाठीमागे धरली. निरांजनातले तूप संपत आले तरी सासूबाई ओवाळीतच राहिल्या आणि वात विझल्यावर त्यांनी मुलाला सांगितले, ‘असा बघत काय उभा राहिलास, दुसरी वात आण.’